बांदा बेट सोडलं त्या सकाळी

जावाच्याही पुढे, दूर पूर्वेच्या समुद्रातल्या केई बेटाच्या वाळूवर कलंडून पडलेली मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, भरतीचं पाणी अंगाला लागलं की मला अजून वाटतं, आता निघायचं.

माझा जन्म इथलाच. इथल्या सुतारांनी एकही खिळा न मारता, लाकडी खुंट्या ठोकून, काथ्यानं आवळून मला घडवलं. मग पलीकडच्या बांदा बेटावरचा मसूदी नाखवा मला घेऊन गेला. काय सुखाचे दिवस होते! डोंगरभर जायफळाची झाडं, वारा सुटला की लाटांनाही तोच वास. आम्ही जायफळ न्यायचो आणि जावाच्या गलबतांवरून तांदूळ आणायचो. बेटावर भात पिकत नव्हता ना!

पुढे पश्चिमेकडून गोऱ्या व्यापाऱ्यांची तोफा लावलेली जहाजं आली. त्यांचा कप्तान म्हणाला, "जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. भाव आम्ही ठरवू. बदल्यात लोकरीचं कापड देऊ."

मसूदी हसला. "ह्या उकाड्यात लोकर? शिजवून खाऊ की काय, कप्तान?"

पोटासाठी आमचे लोक जावाच्या गलबतांना जायफळ विकतच राहिले. कप्तानाला तेवढं निमित्त पुरलं. फौज उतरली, गावं जळाली. लोक कड्यांवर चढले आणि तिथे उपासमारीनं गळू लागले.

एका धुक्याच्या सकाळी मसूदीनं मला खडकाआडून बाहेर काढलं. माझ्या पोटात जायफळाची पोती होती. परमुलखात तेवढाच आधार. इतक्यात शेजारपाजारची माणसं कडा उतरून आली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

"जागा नाही," मसूदी खाली बघत म्हणाला.

माझ्यात बसलेली त्याची बायको रामला उठली आणि तिनं पहिलं पोतं पाण्यात ढकललं.

"अगं, वेड लागलं का? उद्या खायचं काय?"

"खायला माणसं तर उरू देत! माणसं टाकून जायफळ न्यायचं, तर तो कप्तान आणि तुम्ही, फरक काय राहिला हो?"

दुसरं पोतं मसूदीनंच उचलून पाण्यात टाकलं.

पाणी माझ्या काठाशी आलं होतं, तरी मी तरले. मागे धुक्यात बेट विरघळलं. कितीतरी वेळ तो वास आमच्याबरोबर येत राहिला, निरोप द्यायला आलेल्या पाहुण्यासारखा.

इथे केईवर त्यांनी नवं गाव वसवलं. तिकडच्या बागांत मग दुरून आणलेले गुलाम राबायचे, असं खलाशी सांगत. माझ्या फळ्या कुजल्या. पण म्हातारी रामला माझ्या सावलीत बसून मुलांना बांदाची भाषा शिकवायची. एकदा तिच्या नातीनं विचारलं, "आजी, त्या लोकांना जायफळ कशाला हवं होतं गं?"

"जेवणावर भुरभुरायला."

"एवढ्यासाठी?"



मित्रांनो, तुमच्याकडेही सणाला गोडात जायफळ किसतात म्हणे. जरूर किसा. फक्त घास घेण्याआधी एवढं विचारा, हे पिकवणाऱ्याच्या घरी आज चूल पेटली का?