लॉगमधला ‘येतो’

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, हे रसिकाच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. लुकलुकणं वेगळं असतं. हा दिवा पेटायचा, थोडा वेळ स्थिर राहायचा, विझायचा आणि ठरावीक अंतराने पुन्हा पेटायचा. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा.

डबा जाडसर पुस्तकाएवढा होता. डोंबिवलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फळीवर, भाजणीच्या डब्यांशेजारी तो विनीतने बसवला होता. विनीत म्हणजे रसिकाचा धाकटा भाऊ. आई, सुमतीबाई, घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकायच्या. विनीतने त्यांच्यासाठी वेबसाइट केली आणि ती चालवणारा सर्व्हर, म्हणजे हाच डबा, भाड्याने कुठे न ठेवता घरातच ठेवला. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी तो “येतो” म्हणून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, कल्याणच्या फलाटांवर पत्रकं लावून झाली. त्याला आता सात वर्षं होत आली. डबा मात्र चालत राहिला.

मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये पडली. भांडीवाली येईपर्यंत तशीच फरशीवर होती. तेव्हापासून रसिका एकच घोशा लावून होती, की आता माझ्याकडे ठाण्याला चल, एकटी राहू नकोस. आई म्हणायची, “बघू.” त्या ‘बघू’मागचं दोघींनाही ठाऊक होतं. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर?

परवा लाइट गेली, डबा बंद पडला, आणि लाइट आल्यावर साइट काही उघडेना. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आलेल्या. ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणं हेच रसिकाचं काम. शनिवारी जेवण उरकून तिने डब्याला लॅपटॉप जोडला.

सर्व्हर दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक तर समोर बसून, आपल्या हाताने. मग स्क्रीनवरची खिडकी मिटली की तोही मिटतो. नाहीतर सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी समोर असो-नसो, तो आपला मागच्या मागे चालत राहतो, थांबला तर आपला आपण पुन्हा उठतो. रसिकाने हाताने चालवून पाहिला. साइट लगेच उघडली, भाजणीचा फोटोसुद्धा दिसला. सर्व्हिस म्हणून सुरू केला, तर उठला आणि खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला.

तिला खटकलं ते वेगळंच. बिघडलेला सर्व्हर तक्रार करतो. जागा दुसऱ्याने अडवलीय म्हणतो, परवानगी नाही म्हणतो. तिने दोन्ही तपासलं. जागा मोकळी होती, परवानग्या जागच्या जागी होत्या. यंत्रणेची नोंद सांगत होती की काम व्यवस्थित संपलं, काही चूक नाही. जणू कोणीतरी जवळ येऊन त्याला हळूच सांगत होतं, आता पुरे, आणि तो ऐकत होता.

मग तिने सर्व्हरचा स्वतःचा लॉग उघडला. सर्व्हर आपलं आपण जे लिहून ठेवतो, ते.

येतो.

येतो.

येतो.

दिवा विझला की एक ओळ वाढत होती. प्रत्येक ओळीआधी विनीतचं नाव होतं, कारण त्याने सर्व्हिस स्वतःच्याच नावाने लावली होती.

“काय लिहितोय गं?” आई मागे येऊन कधी उभी राहिली, रसिकाला कळलं नव्हतं.

“काही नाही. प्रोग्रॅम आहे, तो लिहितोय.”

“प्रोग्रॅम कोणाचा?”

आईने खुर्ची ओढली आणि पदराने चष्मा पुसून बसली. पुढचं ‘येतो’ उमटलं तेव्हा तिचे ओठ हलले.

हा शब्द कुठून येतोय, ते रसिकाने शोधायला घेतलं. विनीतच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल सापडली. नाव होतं ‘वाढव’. आत मोजक्या ओळी. सर्व्हर थांबव, लॉगमध्ये ‘येतो’ लिही.

तिला हसू आलं. या घरात दुकान बंद करत नसत, वाढवत. बांगडी फुटत नसे, वाढत असे. लहानपणी विनीत ‘बंद’ म्हणाला की आई डोळे वटारायची. थांबवण्याच्या आज्ञेलाही त्याने तेच नाव दिलं होतं.

पण ती आज्ञा आता देत कोण होतं? सर्व्हिसची फाइल मागच्या महिन्यात कोणीतरी बदललेली दिसत होती.

“नीलने काही केलं होतं का गं, आई?”

“तो आला होता मला बघायला. मी म्हटलं, साइट फार रखडते, बघ जरा.”

नील म्हणजे काकांचा मुलगा. रसिकाने त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“अगं ताई, विनीतदादाने वाढव नावाची स्क्रिप्ट ठेवलेली ना, मी म्हटलं, मस्त. स्पीड वाढवत असणार. सर्व्हिस उठली की लगेच ती चालवायची, असं टाकून ठेवलं.”

“आत काय आहे ते वाचलंस?”

“नावातच कळत होतं ना सगळं.”

“दुकान वाढवतात म्हणजे काय करतात रे?”

“दुसरी ब्रँच काढतात?”

“बंद करतात, गाढवा.”

“मग बंदच म्हणायचं ना सरळ. आणि ताई, मी गेलो तेव्हा साइट चालू होती हां.”

“तू रीस्टार्ट केला नव्हतास. तुझी ओळ परवा लाइट आल्यावर पहिल्यांदा चालली.”

“सॉरी गं. काकू, तुम्ही पण ऐकताय?”

“ऐकतेय,” आई म्हणाली. “चकलीची भाजणी पाहिजे तर घेऊन जा.”

एक ओळ पुसायची होती, बस. रसिकाने ती पुसली, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करण्याआधी विनीतची दुसरी फाइल, सर्व्हर सुरू होताना चालणारी, वाचली. सर्व्हर मिनिटभर नीट टिकला की लॉगमध्ये ‘आलो’ लिही, असं तिथे होतं. या सात वर्षांत लाइट जाऊन आली की त्याने ते कितीदा तरी लिहिलं असेल. वाचणारं कोणी नव्हतं.

आईला काही न सांगता लॅपटॉप मिटता आला असता.

“आई,” ती म्हणाली, “आता ‘येतो’ थांबेल. आणि जरा वेळाने ‘आलो’ असं दिसेल. ते त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. आत्ताचं नाही.”

“कळलं मला.”

तिने सर्व्हिस सुरू केली. दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. लॉग शांत झाला. बाजूच्या घरातला कुकर शिट्टी देऊन गप्प झाला. आई स्क्रीनकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

आलो.

त्याच सुमारास त्यांच्या मजल्यावर लिफ्ट थांबली. जाळी सरकल्याचा आवाज आला. पावलं मात्र वाजली नाहीत.

आई उठली. खुर्चीला, मग भिंतीला धरत दारापर्यंत गेली आणि तिने दार उघडलं. रसिका तिच्या मागे उभी राहिली. लिफ्टची जाळी सताड उघडी होती. आत दिवा जळत होता आणि आत कोणी नव्हतं. जिन्यातही कोणी नव्हतं. रसिका मनात कारणं जुळवू लागली, पण जाळी कोणीतरी हाताने ओढल्याशिवाय सरकत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आई बराच वेळ लिफ्टमध्ये पाहत राहिली. मग तिने पुढे होऊन जाळी सावकाश ओढून बसवली. लिफ्ट रिकामीच खाली गेली.

घरात येऊन आई त्याच खुर्चीत बसली.

“रसू,” ती म्हणाली, “मी येते ठाण्याला. राहायलाच येते.”