मूळ तलवारीबरहुकूम

चाकणच्या आमच्या शेडमध्ये वैशाखाचं ऊन पत्र्यातून वितळून खाली उतरत असे, आणि ग्राइंडरच्या किंकाळ्यांच्या मधोमध विद्याताई एखाद्या पात्यावर नखाने हलकी टिचकी मारून, उमटलेला नाद पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहत असे. शेडमध्ये ते नाजूक कंपन ऐकू येणारी ती एकटीच होती.

मोटारींच्या सुट्या भागांच्या साच्यांची ड्रॉइंग्ज काढण्यात पिंपरीत तिची वीस वर्षं गेली होती. मग ती आमच्याकडे आली. मध्ययुगीन युरोपातल्या चिलखती सरदारांच्या तलवारींच्या प्रतिकृती आम्ही परदेशी धाडत असू. एकदा तिथल्या एका संग्रहालयात अस्सल तलवार मोजायला आम्हा दोघांनाच पाठवलं होतं. ती आकडे सांगायची, मी लिहायचो. मुठीपाशी सहा मिलिमीटर जाडीचं पातं टोकाकडे कृश होत होत दोनवर येत होतं, संध्याकाळची सावली विरळ होत जावी तसं. सगळी तलवार जेमतेम सव्वा किलोची. "सुनील, या लोहाराच्या बोटांत तराजूचा काटा होता रे," ती पुटपुटली. पुढचे चार महिने त्या अनाम हाताशी इमान राखत तिने रेषा ओढल्या.

पहिला नमुना तयार झाला आणि तिने तो उचलला मात्र, तिचा चेहरा राखेसारखा झाला. टोकापर्यंत एकसारखी जाडी, जवळपास दीडपट वजन. उतार घासण्यात वेळ जातो म्हणून मालकांनी तिला न विचारताच तो काढून टाकला होता. राग आला की तिच्या बोलण्यात लातूरकडचा सूर उतरे.

"काय करायलात तुम्ही, साहेब? ही तलवार न्हाई, पहार हाय!"

"मॅडम, गिऱ्हाईक भिंतीवर टांगणार. कोण लढाईला चाललंय?"

"मग 'मूळ तलवारीबरहुकूम' असं छापू नका."

"छापणार. खाली तुमचं नाव पण टाकतोय, खूश व्हा."

तिने टेबलावरचं ड्रॉइंग ओढलं आणि स्वतःच्या नावावर पेन इतक्या जोरात फिरवलं की कागद फाटला. मालकांनी दुसरी प्रिंट काढवून घेतली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्ही पण होतात ना मोजायला? 'मूळ तलवारीबरहुकूम' म्हणून करा सही."

मी केली. ती पिशवी उचलून भर दुपारी निघून गेली.

ती तलवार धडाधड खपली. कुणाचंही काही वाकडं झालं नाही, आणि हीच गोष्ट आजही माझ्या मस्तकात तिडीक उठवते. असत्याला एखादा ओरखडा तरी उठायला हवा होता. मालकांच्या केबिनमध्ये ती पहार मखमलीवर झळकत राहिली आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यापुढे मान डोलवत राहिला.

दीड वर्षाने विद्याताईने मला पुनावळ्याला बोलावलं. भाड्याच्या एका गाळ्यात, एका निवृत्त लोहाराला हाताशी धरून, तिने तीच तलवार जशीच्या तशी घडवली होती. ती खूप वाळली होती. औषधांनी केस गेलेलं डोकं ओढणीने झाकलं होतं. तिने तलवार माझ्या हातात ठेवली. ते पोलाद माझ्या मनगटातून उगवल्यासारखं सहज उचललं गेलं.

"कळला तोल?"

"हो, ताई."

"आता तुझ्या सहीचं वजन सांग."

तिने तलवार काढून घेतली आणि पाठ फिरवली. तो संताप अखेरपर्यंत तिने निवू दिला नाही; श्रावणात ती गेली. मी राजीनामा दिला तो त्यानंतर, जेव्हा तो बघायला ती नव्हती.

माणूस गेलं की त्याचा आपल्यावरचा राग तेवढा मागे राहतो; काळ बाकीच्या सगळ्या आठवणी हळूहळू झिजवत नेतो आणि त्या रागापाशी येऊन मुकाट थांबतो.