भरतीचा भिडू

“अहो, तुमची पाळी आहे,” बँकवाल्या बाई हसत म्हणाल्या आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो म्हणे. बाईंसमोर खेळायला बसलेला माणूस तिचा नवरा होता.

त्याचा घरी राहिलेला चष्मा द्यायला ती आली होती. हे आपलं निमित्त. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. आठवडाभर घरात जेवणापुरतंच तोंड उघडायचा. पण रविवार उजाडला की गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि स्वारी मित्राच्या बैठ्या खेळांच्या दुकानात हजर. रविवारी तिथे कुणीही यावं, टेबलाशी बसावं, खेळावं. आलेल्यांची टेबलं जुळवायची, नियम समजावायचे, हे काम याच्याकडे. बिनपगारी, हौसेचं. घरी ‘हं’वर भागवणारा हा माणूस इथे एकच नियम पुन्हापुन्हा सांगत होता, तोही न चिडता. हे कुठलं गोड बोलणं एवढी वर्षं दडवून ठेवलं होतं, तिला कळेना.

दुकानाचा एक रिवाज होता. टेबलावर कुणी कमी पडलं तर यानेच बसायचं. सगळे त्याला भरतीचा भिडू म्हणत. आज बँकवाल्या बाईंना जोडीदार नव्हता, म्हणून तो भरतीला बसला होता.

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकली. खेळ तिच्या ओळखीचा निघाला. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर रस्त्यांचे तुकडे छापलेले; ते जोडत जायचे, दुसऱ्याची वाट अडवायची, शेवटी ज्याचा रस्ता लांब तो जिंकला. लग्नानंतर हाच खेळ त्याने हौसेने घरी आणला होता आणि नव्या नवरीला रोज संध्याकाळी धूळ चारली होती. शेवटी शिवणकाम वाढल्याचं सांगून तिने खेळणंच सोडलं.

आणि आता हा काय करत होता? बाईंची वाट अडवायची जागा नाकासमोर मोकळी पडलेली, पठ्ठ्या तिकडे बघतसुद्धा नव्हता. बाई जिंकल्या. शेजारच्या टेबलाने टाळ्या वाजवल्या.

“आज तुमच्यापुढे आपलं काही चाललं नाही,” तो म्हणाला, आणि बाई लाजल्या. चक्क लाजल्या.

तिचा जीव जळला. त्याने बाईंना अत्तराची बाटली दिली असती तर घर डोक्यावर घेता आलं असतं. पण हा तर हरून देत होता. याची तक्रार कुणाकडे करायची?

बाई पाणी प्यायला उठल्या तशी ती त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली.

“तू? कधी आलीस?”

“मांडा डाव.”

तो पुढे झुकला. ओठ दातांत धरून त्याने तिची एकेक वाट अशी तोडली की डाव सुरू झाला कधी आणि संपला कधी, ते तिला समजलंच नाही.

“त्यांना जिंकू दिलंत,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मी बघत होते.”

“अगं, भरतीच्या भिडूने जिंकायचं नसतं. हरवलं की माणसं परत येत नाहीत.”

“आणि मी?”

“तुझं काय? तू घरचीच. तू कुठे जाणार आहेस?”

“मीही नाहीच आले परत,” ती म्हणाली. “खेळ सोडला तो सोडलाच. तुमच्या लक्षात तरी आलं का?”

तो चौकोन गोळा करत राहिला. “मला वाटलं, तुला कंटाळा आला.”

“हरण्याचा आला होता.”

त्याने डाव पुन्हा मांडला. या वेळी तिचा रस्ता झरझर वाढत गेला, टेबलाच्या पार कडेपर्यंत. आधी तिला बरं वाटलं. मग तिने मान वर केली. तो तिच्याकडे बघत होता, मघाशी बाईंकडे बघत होता तसाच. हसून, अगत्याने, परक्यासारखा. हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते कुठल्याही रविवारी कुणालाही मिळत होतं.

त्याने आत्ताच ठेवलेला चौकोन तिने उचलून त्याच्या हातात परत दिला.

“हा इथला नाही. कुठे ठेवायचा ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“हरशील.”

“ठेवा.”

त्याने चौकोन तिच्या रस्त्याच्या ऐन मध्यात आडवा बसवला. बँकवाल्या बाई ग्लास घेऊन मागे येऊन उभ्या होत्या.

“असंही अडवता येतं होय?” त्या म्हणाल्या. “माझ्याशी नाही कधी असे खेळलात.”

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ओठ दातांत धरून तो पुढच्या चालीचा विचार करत होता. ती हरत होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि नवा चौकोन उचलला.