उंचावरच्या खुणा

मी एक जुनी हिरवी होडी आहे, आणि मित्रांनो, माझा निम्मा जन्म पाण्यावर गेला, निम्मा माणसांच्या डोक्यावर. हसू नका. आमच्या उत्तरेच्या रानात तळ्याला लागून तळं आहे, पण मध्येच कुठे धबधबा येतो, कुठे खडकाळ टेकडी. तिथे माणसं उतरतात, सामान पाठीला लावतात, आणि इतका वेळ जिच्यात आरामात बसली होती तिलाच उलटी करून डोक्यावर घेतात. अशा वाटेला मी खांदवाट म्हणते. पाण्याने दिलेला आराम माणसाला तिथे फेडावा लागतो.

मला बॅझिलने घडवलं. देवदाराच्या पट्ट्या वाफेवर मऊ करायच्या आणि थंड व्हायच्या आत वाकवून बरगड्या बसवायच्या, हे एका माणसाचं काम नव्हे. एक टोक बॅझिलने धरलं, दुसरं त्याच्या बायकोने, देल्फीनने. हात भाजले की दोघं एकमेकांना दोष देत. बरगड्यांवर पातळ फळ्या आल्या, फळ्यांवर ताणून बसवलेलं जाड कापड, आणि कापडावर हा रंग. पहिल्यांदा पाण्यात सोडण्याआधी देल्फीनने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू तळ्याला वाहिली, मग मला हलकेच ढकललं. पाणी अंगाला लागलं तो क्षण मला अजून स्वप्नात येतो. होड्यांना स्वप्नं पडतात, विशेषतः पालथ्या पडलेल्या होड्यांना.

माझे दिवस फार चांगले गेले. मी शहरातले पाहुणे फिरवले, हरणाचं मांस वाहिलं, धुक्यात वाट चुकले आणि धुकं विरल्यावर आपोआप घरी आले. लोक माझ्या काठावरून हात फिरवून म्हणत, काय सुरेख होडी आहे. पण कौतुकाने वजन कमी होत नाही. दर काही वर्षांनी रंगाचा नवा थर चढे, कापड पाणी पिई, आणि म्हातारपणी मी चांगलीच जड झाले. बॅझिल गेला. त्याचा भाचा विल्फ्रेड पाहुण्यांना रानात नेण्याचा धंदा करू लागला आणि त्याने हलक्या अंगाच्या नव्या होड्या आणल्या. मी शेडच्या मागे पडले. एका खारीने माझ्यात संसार थाटला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर देल्फीन काठी टेकत शेडमागे आली आणि खारीला घर रिकामं करायला लावलं. तिला आईच्या कबरीपाशी जायचं होतं. कबर दूर आत, एका लहानशा तळ्याच्या काठी होती, आणि लहान मुलगी असताना तिथून निघाल्यावर देल्फीन पुन्हा तिथे गेली नव्हती. गुडघे जायच्या आत एकदा जायचं, आणि बॅझिलच्या होडीतूनच जायचं, असा तिचा हट्ट होता. माझं वजन आठवून विल्फ्रेड कळवळला, पण मामीपुढे त्याचं काही चाललं नाही.

माझं फाटकं कापड सांधता सांधता त्याने नकाशा माझ्याच पालथ्या पाठीवर पसरला आणि दोऱ्याने अंतरं मापू लागला. पहिल्या खांदवाटा सोप्या होत्या. शेवटच्या तळ्याआधी मात्र टेकडी होती, उभी, ओल्या दगडांची. जवान माणूससुद्धा तिथे देवाचं नाव घेई.

देल्फीनने नकाशावर बोट ठेवलं. "टेकडीवरून नको. खालून वाट आहे, अंगणासारखी सपाट. आई मला हाताला धरून न्यायची, कधी दमसुद्धा लागला नाही."

"नकाशात नाहीये ती, मामी."

"नकाशा काढणारा माझ्या आईबरोबर चालला होता का?"

पाहुण्यांना न्यायचं असलं की विल्फ्रेड प्रत्येक खांदवाट आधी स्वतः चालून बघे. या वेळी मामीचा शब्द होता, म्हणून बघितली नाही.

आम्ही निघालो. मला वाटलं, मी पुन्हा तरुण झाले. सकाळी पाण्यावर धुकं असे आणि वल्ह्याच्या थेंबांखेरीज कसला आवाज नसे. देल्फीन पुढे बसून कुठलंसं जुनं गाणं गुणगुणे, आणि ती गात होती की मी ऐकल्याचं स्वप्न बघत होते, कोण जाणे. सोप्या वाटांवर ती काठीने हळूहळू चालली. विल्फ्रेड मला डोक्यावर घेऊन बॅझिलला प्रेमाने शिव्या घालत चालला.

शेवटची वाट आली. पाण्याच्या काठच्या झाडावर कुऱ्हाडीची जुनी खूण होती, साल भरत आलेली. देल्फीनचे डोळे चमकले. तिच्या वडिलांच्या हातची होती ती. विल्फ्रेडने मला उचललं, थोडं आत गेला, आणि मांडीपर्यंत खाली गेला. मी त्याच्या डोक्यावरून घसरून शेवाळावर आपटले. ती जमीनच नव्हती. पाण्यावर तरंगणारी शेवाळाची गादी होती, पाऊल टाकलं की दूरची झाडंही डुलत.

कसाबसा बाहेर येऊन त्याने पुन्हा त्या खुणेकडे बघितलं. ती त्याच्या डोक्याच्याही वर होती, हात ताणला तरी बोटं जेमतेम टेकली.

"मामी, तुझे वडील ताडमाड होते का गं?"

"छे. माझ्याएवढेच."

तिनेही मान वर करून ती खूण बघितली. देल्फीन माझ्या पाठीवर येऊन बसली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात आम्ही इकडे कधी आलोच नाही रे. उन्हाळा सगळा मोठ्या तळ्यावर जायचा. इकडे यायचो ते सापळे लावायला, बर्फ पडल्यावर. खाली हे सगळं गोठलेलं असायचं, आणि बाबा कमरेएवढ्या बर्फावर उभे होते."

विल्फ्रेड म्हणाला, मी तुला पाठुंगळी घेऊन टेकडी चढतो. तिने त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग हिला काय खारी उचलून आणणार का, असं विचारलं. ती हसली खरी, पण बघत होती समोरच्या झाडांकडे. तळं त्या झाडांच्या पलीकडेच होतं.

"वाट खरी आहे," ती म्हणाली. "हिवाळ्यात आणशील मला?"

थंडीने तिची छाती भरायची. सगळा हिवाळा ती चुलीजवळून हलत नसे. "तुझी छाती, मामी."

"छाती माझी आहे. तू गाडीचं बघ."

तो हिवाळा मी शेडमागे दोन ओंडक्यांवर पालथी होते. एका स्वच्छ सकाळी बर्फगाडीचा आवाज ऐकला. मागच्या घसरगाडीवर घोंगड्यांत गुंडाळलेली देल्फीन होती. गोठलेल्या पाण्यावर होडीचं काय काम? मी त्यांना जाताना ऐकलं, आणि मला तिचा हेवा वाटला नाही, त्या गाडीचा वाटला. दिवसभर मी त्या वाटेची कल्पना करत राहिले. पांढरी, सपाट, आणि खुणा बरोबर छातीच्या उंचीवर.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने वाट सांगितली तर त्याला वेड्यात काढू नका, आणि डोळे मिटून निघूही नका. तेव्हा कोणते दिवस होते, एवढं विचारा. आणि माझ्यासारखी एखादी दारात पडली असेल तर तिला जमिनीवर टाकू नका, ओल खालून चढते. खाली दोन लाकडं द्या.

ऊन कलताना ती परतली. खोकत होती. विल्फ्रेड तिला घरात चल म्हणत होता, पण ती आधी शेडमागे आली, हातमोज्याने माझ्या पाठीवरचं बर्फ झाडलं आणि गाल टेकला.

"पोचले रे बॅझिल," ती म्हणाली.

तिला तिथे नेलं दुसऱ्याच कुणी. सांगायला मात्र ती माझ्याकडे आली.