चामखिळीचा कावळा

त्या सकाळी आमच्या घरमालकांच्या, शेखरभाऊंच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फर्स्ट शिफ्ट बुडवून माणसं आली होती, आणि कशाला? तर कठड्यावरच्या एका कावळ्याच्या पाया पडायला!

कावळ्याच्या डाव्या डोळ्यावर वाटाण्याएवढी गाठ होती, ओली, खपली धरलेली. भाडेकरूनं गप्प बसावं, पण मी बोललेच, "अहो, आजारी आहे तो."

"आजारी न्हाई ताई, सोपानराव हायेत!" गणराज महाराज गरजला. "मालकांच्या डाव्या भुवईवर चामखीळ व्हती का न्हाई? दहाव्याला कावळा का शिवला न्हाई? त्यास्नी सोताच कावळा व्हायचं व्हतं! आत्म्याचं नेटवर्क फुल्ल हाय!"

हा महाराज दिवाळीपर्यंत चाकण चौकात मोबाईलची कव्हरं विकत होता. पण शेखरभाऊंच्या आई, छबूबाई, ढसाढसा रडल्या. नवऱ्याच्या, सोपानरावांच्या दहाव्याला दोन तास वाट बघून शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला, ही सल त्यांना जेवू देत नव्हती. महाराजानं नेमकं तिथंच बोट घातलं.

पुढचं तर किळसवाणं. सोपानराव पुन्हा घरात जन्मावेत म्हणून पोटुशा सुनेनं, स्नेहलनं, त्या कावळ्याचं उष्टं नऊ दिवस खायचं! परातीत दहीभात, त्यात साऱ्या पाखरांच्या चोची, त्यातच विष्ठा, वर माश्या. तिसऱ्या दिवशी पोरगी उलट्या करून आडवी झाली, तर हा म्हणतो, "आत्मा आत शिरतोय." शी! मी तडक शेजारच्या आम्रपालीला घेऊन आले. ती गुरांची डॉक्टर.

तिनं कठड्यावर नजर फिरवली. "त्या साळुंकीच्या चोचीपाशी गाठ आहे. पारव्याच्या पायाला पण. सोपानराव किती जणांत शिरलेत, महाराज?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"हा पक्ष्यांचा देवीचा रोग. डासांनी पसरतो, एका परातीत चोची घातल्यानंही पसरतो. तो माणसाला होत नाही, पण विष्ठेतले जंतू पोटात गेले की बाळंतपणाच्या आधीच दवाखाना. स्नेहलला आत्ता हलवा."

"मग चामखीळ मला कशी दिसली, बाई?" महाराज छाती काढून म्हणाला.

आम्रपाली छबूबाईंकडे वळली. "आजी, आजोबांची चामखीळ कुठं होती? हात लावून दाखवा."

छबूबाईंनी डोळे मिटले. बोट स्वतःच्या उजव्या भुवईवर गेलं. "हितं. चाळीस वर्सं डोक्याला तेल लावलंय म्या त्यांच्या."

गर्दी खाली हॉलमध्ये उतरली. भिंतीवर हार घातलेला फोटो. त्यात चामखीळ डाव्या भुवईवर!

"सेल्फीवरून केलाय," शेखरभाऊ वडिलांच्या फोटोकडे बघत पुटपुटले. "दादांच्या मोबाईलात बाजू उलटी यायची." म्हणजे महाराजानं सोपानराव पाहिलेच नव्हते. पाहिला होता चहा पिता पिता हा फोटो, आणि मग गच्चीवर डाव्या डोळ्याचा आजारी कावळा हेरला.

छबूबाईंनी परात आणून त्याच्या पायाशी आदळली. "माज्या मालकाला वळखत न्हाईस, आन् नातवाला घाण चारतोस व्हय रं?" महाराज चपला सोडून पळाला.

स्नेहलला दोन दिवस सलाईन लागलं, पण बाळ सुखरूप आहे. आम्ही परात ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतली, गच्चीवरचं तुंबलेलं पाणी ओतून दिलं आणि महिनाभर दाणापाणी बंद ठेवलं.

दुःखात माणूस खुळावतं, मान्य. पण पाखराच्या अंगावर गाठ दिसली तर हात जोडू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. आणि तुमच्या माणसाची खूण कुणी तुम्हालाच सांगू लागला, तर आधी स्वतःला विचारा. त्याच्याबरोबर चाळीस वर्षं तुम्ही राहिलात, महाराज नाही.