त्याचाच मोठा भाऊ

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कोणी घाबरत नाही, हे साहेबांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. 'साहेब' ही नोकरीतली हाक. निवृत्तीच्या दिवशी ती ऑफिसात ठेवून यायची राहून गेली आणि आता घरात बायको ती खास प्रसंगी वापरायची. "साहेब, दुधाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं ना?" म्हणजे दूध उतू गेलेलं असायचं.

एके काळी मात्र त्यांच्या चाहुलीने बाजारातली वजनं आपोआप बरोबर व्हायची. त्यांची पद्धत ठरलेली. जीप नाही, शिपाई नाही. साधा शर्ट, हातात पिशवी आणि चेहरा होईल तितका बावळट करून गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचं. बायकोच्या मते या शेवटच्या कामाला त्यांना फारसे कष्ट पडत नसत. घासाघीस न करता माल घ्यायचा, पैसे द्यायचे, आणि मग पिशवीतून खात्याचं शिक्क्याचं वजन काढून दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचं. त्यानंतर साहेबांना बोलावं लागत नसे. दुकानदारच बोलायचा, आणि पहिलं वाक्य नेहमी एकच असायचं, "चूक झाली, साहेब." साहेबांनी साऱ्या नोकरीत कोणाची चूक मान्य केली नाही. त्यांच्या मते चूक कधी कधी गिऱ्हाइकाच्या फायद्याचीही व्हायला हवी होती, आणि तशी ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांची लेक घरांच्या आतल्या रचना करायची. कपाट कुठे, दिवा कुठे, दार कुठल्या अंगाला उघडणार, हे सगळं कॉम्प्युटरवर आधीच उभं करून दाखवायची. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिने आतल्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि पहिलंच काम एका दंतवैद्याच्या दवाखान्याचं आलं होतं. आलं म्हणजे अजून यायचं होतं. दंतवैद्याने दुसऱ्याही कोणाकडून आराखडा मागवला होता. शुक्रवारी तो घरी येणार, पडद्यावरच्या दवाखान्यातून फिरणार आणि मग ठरवणार.

अडचण एवढीच, की त्या दवाखान्यात फिरता येत नव्हतं. दारातून आत शिरेपर्यंत ठीक. पण चित्र पेशंटच्या खुर्चीकडे वळवलं, की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा. खुर्ची अर्धी दिसायची आणि तीही हवेत.

"ग्राफिक्स कार्ड हवंय," लेक म्हणाली. "महागातलं नको, माझ्या बजेटमधलं आहे एक. पण दोन दुकानं फिरले, बाबा. पहिला विचारतो, मुलाला गेम खेळायला हवंय का ताई? दुसरा म्हणतो, मिस्टरांना पाठवा, त्यांना नीट समजावतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी मिस्टर दाखवा, मग पाठवते."

साहेबांच्या अंगात जुना निरीक्षक जागा झाला. "मी जातो. मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय."

"मागच्या महिन्यात छत्री—" बायको म्हणाली.

"छत्रीला वजनमाप कायदा वेगळा आहे."

लेकीला त्या दिवशी दवाखान्याच्या भिंती मोजायला जायचं होतं. तिने फोनवर मॉडेलचा नंबर पाठवला आणि बजावलं, "हाच नंबर, बाबा. शेवटच्या अक्षरासकट. एक अक्षर बदललं की वस्तू बदलते."

साहेब साधा शर्ट घालून निघाले.

दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, प्रत्येक खोक्यावर एखादा चिडलेला यंत्रमानव. काउंटरमागे दुकानदार, अत्यंत प्रेमळ.

"या काका, बसा. काय सेवा करू?"

साहेबांनी नंबर दाखवला. दुकानदाराने तो वाचला आणि हळहळल्यासारखा चेहरा केला.

"आहे हो माझ्याकडे. पण काका, हे घेऊन काय करणार? सहा जीबीचं कार्ड. तेवढ्याच पैशांत मी तुम्हाला आठ जीबीचं देतो." त्याने आतून दोन्ही खोकी आणली आणि त्यातलं दणकट खोकं पुढे सरकवलं. "हा त्याचाच मोठा भाऊ."

साहेबांनी ताबडतोब तपासणी सुरू केली. खोक्याचं सील शाबूत. उत्पादकाचा पत्ता पूर्ण. कमाल किंमत छापलेली, मागितलेली त्याहून कमी. खोकं हातावर तोललं. लेकीने सांगितलेलं कार्ड खोक्यावरच्या चित्रात एका पंख्याचं आणि हाताला हलकं, हे दोन पंख्यांचं आणि भक्कम. साहेबांचा हात म्हणजे काटाच, तो खोटं सांगत नसे. माल वजनाला जास्त, मापाला जास्त, किंमत तीच. दुकानदार जास्त माप देतोय, असा प्रसंग त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आला नव्हता. अशा वेळी काय संशय घ्यायचा, हे खात्याने शिकवलेलं नव्हतं.

"शेवटचं अक्षर वेगळं आहे," ते तरी म्हणाले.

"अहो काका, अक्षरं कंपनी घालते. काम तर कार्ड करतं ना?"

हे साहेबांना पटलं.

संध्याकाळी लेकीने खोक्यावरचं शेवटचं अक्षर दोनदा वाचलं, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. कार्ड बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला, दवाखान्याच्या दारातून आत गेली, खुर्चीकडे वळली. खुर्ची हवेत.

"आठ आहेत ना पण?" साहेबांनी विचारलं. "पडद्यावर दिसतायत का? का कमी भरतात?"

"पूर्ण भरतात. आठच आहेत." लेकीने श्वास सोडला. "बाबा, मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. चिप म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. यात ओटा लांबलचक आहे, पण माणूस फार जुना. कंपनीनेही ही चिप कधीच बनवायची थांबवलीय. नव्या खोक्यात घालून विकतात."

"मोठा भाऊ म्हणाला तो."

"मोठाच आहे. निवृत्त झालेला."

"आपल्याकडे तर तो ओट्याकडे फिरकतही नाही," बायको आतून म्हणाली.

साहेब त्या रात्री जेवताना भाजीत मीठ नाही हेही बोलले नाहीत. घरात त्याचीच काळजी वाटली.

सकाळी बापलेक कॉम्प्युटरचा डबा उचलून टॅक्सीने दुकानात हजर झाले. दुकानात गिऱ्हाइकं बऱ्यापैकी होती. दुकानदाराने काल काकांना बसवलं होतं तितक्या प्रेमाने आज ओळखलं नाही.

"उघडलेला माल परत नाही," तो म्हणाला आणि पाटीकडे बोट केलं.

"परत कुठे म्हणतोय? मी मागितला होता तो नंबर द्या."

"काका, हा त्याहून भारी आहे!"

"मग इथेच चालवून दाखवा. आम्ही सगळं आणलंय."

लेकीने काउंटरवरच्या पडद्याला वायर जोडली. गिऱ्हाइकं सरकून जवळ आली. दवाखाना उघडला, दार आलं, बाकडं आलं, आणि खुर्ची निम्म्यात थांबली.

"ताईंच्या चित्रातच काहीतरी घोळ असणार."

"असू शकतो," लेक म्हणाली. "तुमच्याकडच्या सहा जीबीवर लावू. चित्र हेच. थांबलं तर घोळ माझा."

आता दुकानदाराने आवाज खाली आणला. गिऱ्हाइकांसमोर ही परीक्षा त्याला नको होती. साहेबांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "काका, बदलून देतो. वर काही मागत नाही. पण माझ्या नावाचा प्रश्न आहे. तुम्ही या लोकांसमोर एवढंच म्हणा, की दुकानाची काही चूक नाही, चूक तुमची झाली."

लेकीच्या कानावर ते गेलंच. तिचा चेहरा लाल झाला. "बाबा, चला. दुसरीकडून घेऊ."

दुसरीकडून घ्यायला तिच्याकडे पैसे शिल्लक नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. शुक्रवार उद्यावर आला होता. साहेब काउंटरपुढे येऊन उभे राहिले. जे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं आणि कधी मानलं नाही, ते आता स्वतःच्या तोंडून काढायचं होतं. पंचनामा वाचायचा आवाज अजून शाबूत होता.

"ऐका हो सगळ्यांनी. या दुकानाची काही चूक नाही. मी एक नंबर मागितला. यांनी दुसरा दिला आणि म्हणाले, हा त्याचाच मोठा भाऊ. चूक माझी. मी यांचं ऐकलं. दुकान चांगलं आहे, माल भरपूर आहे, स्वभाव प्रेमळ आहे. फक्त यांचं ऐकायचं नाही. नंबर सांगायचा, अक्षर जुळवायचं, आणि आपलं काम इथेच चालवून बघायचं."

रंगीत दिव्यांचं खोकं काखोटीला मारून उभा असलेला एक जाडा गृहस्थ म्हणाला, "मलाही यांनी मोठा भाऊच दिलाय." आणि ते खोकं काउंटरवर ठेवून तो आपल्या फोनवर नंबर शोधू लागला. त्याच्या मागच्या बाईंनीही चष्मा लावला.

दुकानदाराने सहा जीबीचं कार्ड स्वतःच्या हाताने आणून दिलं, बसवूनही दिलं. बापलेक लवकर जावेत, एवढीच त्याची इच्छा दिसत होती. लेक मात्र हलली नाही. तिने चित्र खुर्चीकडे वळवलं. खुर्ची पूर्ण आली, जमिनीवर आली. ती खुर्चीला एक चक्कर मारून आली आणि एकदम "अगं बाई!" म्हणाली. खुर्चीजवळचं आतलं दार उघडलं, की ते थेट पेशंटच्या गुडघ्यावर आपटत होतं. आतापर्यंत चित्र तिथवर पोचलंच नव्हतं, त्यामुळे तिला ते दिसलं नव्हतं.

रात्रीपर्यंत तिने ते दार सरकतं केलं.

शुक्रवारी दंतवैद्य आला. दारातून आत गेला, बाकड्यावरून वळला, खुर्चीपाशी थांबला. साहेब स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभे होते.

"खुर्चीतून पेशंटला काय दिसतं?" दंतवैद्याने विचारलं.

लेकीने चित्र खुर्चीत बसवून वर केलं. पांढरं छत दिसलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोरं.

"हे मला आजवर कोणी दाखवलं नव्हतं," तो म्हणाला. "अर्धा दिवस लोक इथेच बघत असतात. काम तुमचं. फक्त या छताचं काहीतरी करा."

तो गेल्यावर तिघंही आतल्या खोलीत जमिनीवर आडवी पडून वर बघत राहिली. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला काय बघायला आवडेल, याचा विचार चालला होता. बायको म्हणाली, आकाश. लेक म्हणाली, झाडाची पानं.

"दरपत्रक," साहेब म्हणाले. "दर्शनी भागात लावलेलं बरं."

"लावा," बायको म्हणाली. "म्हणजे आकडे बघून कोणी तोंडच उघडणार नाही."