उभं राहून मंजूर

आक्काताईंच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी दोन माणसं वसतिगृहाच्या आवारात टेप लावून मोजमाप घेऊन गेली, तेव्हाच क्रांतीला कळलं की उद्याच्या सभेत नुसतं रडून भागणार नाही.

"कसलं मोजताय?" तिनं विचारलं होतं.

"जयराजदादांनी धाडलंय. आक्कांचं स्मृतिभवन व्हनार हाय हितं. पुढं पुतळा, मागं हॉल. एसी हाय बरं का, ताई."

"आणि पोरी?"

"ते आमाला काय म्हाईत? आमी टेपवालं."

इस्लामपूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आक्काताईंनी मुलींचं वसतिगृह काढलं, तेव्हा त्या जागेला कुणी विचारत नव्हतं. आता शेजारी पेट्रोल पंप आला होता, पलीकडे कार धुण्याचं केंद्र होतं आणि संस्थेचे अध्यक्ष जयराजदादा येता-जाता गाडी हळू करून जागेकडे बघत असत. वसतिगृहात माण-खटावच्या, फलटणच्या वरच्या अंगाच्या मुली राहायच्या. गावात सातवीपुढं शाळा नाही, आणि मोठ्या झालेल्या पोरीला एसटीनं रोज पाठवायला बाप तयार नाही, अशा घरांतल्या. क्रांती त्यांतलीच एक. इथंच शिकली, बी.एड. करून इथंच रेक्टर झाली, आणि आक्काताईंनी हट्टानं तिला संस्थेची सभासदही करून घेतली.

या मुली आक्काताईंनी कशा आणल्या, त्याची गोष्ट माण तालुक्यात अजून सांगतात. आक्काताई जैन, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत. त्या दुपारी लुनावरून एखाद्या गावात जायच्या, घराच्या उंबऱ्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "पोरीला शिकायला धाडतो म्हणा, मग जेवते." बाप गप्प. ऊन खाली उतरत जाई. दारात आलेली बाई उपाशी जाणार, या धास्तीनं घरातल्या बायकाच आधी हलायच्या. क्रांतीच्या वेळी तिची आजी साळूबाई लेकावर ओरडली होती, "आरं, सूर्य टेकला बघ डोंगराला! पोरगी दे, न्हाईतर ह्या पापाचा धनी तू!" आक्काताई दोन घास खाऊन क्रांतीला मागं बसवून घेऊन गेल्या.

करोनात वसतिगृह बंद ठेवावं लागलं. पुन्हा उघडलं तेव्हा काही खाटा रिकाम्याच राहिल्या. त्या मुली आल्या नाहीत, त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. आक्काताई एकाही लग्नाला गेल्या नाहीत. त्या दिवसांनंतरच त्या खचल्या, असं क्रांतीला वाटायचं.

टेपवाले गेल्यावर ती तडक माधवनगरला आक्काताईंच्या धाकट्या भावाकडे गेली. वर्धमानअण्णा संस्थेत सर्वांत जुने. त्यांचा शब्द जयराजदादांनाही सहज मोडता आला नसता.

"तुम्ही बोला, अण्णा. मी बोलले तर पगारासाठी बोलते म्हणतील."

"बोलतो की," अण्णा म्हणाले. "ती गेली म्हणून तिचं काम जाऊ दीन व्हय मी? निर्धास्त जा."

सभा मंगल कार्यालयात होती. मंचावर हार घातलेला फोटो, त्यामागं त्याच फोटोचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर आक्काताईंपेक्षा जरा मोठे जयराजदादा. वसतिगृहाच्या मुली गणवेशात, शेवटच्या रांगांत.

भाषणं सुरू झाली. माजी सरपंच म्हणाले, शाळेत आक्कांनी मला छडीनं मारलं म्हणून मी घडलो. निवृत्त सुभेदार म्हणाले, आक्कांच्या थपडेपुढं पाकिस्तानचा गोळीबार काहीच नव्हता. साखर कारखान्याच्या संचालकांना पट्टीचा मार बसला होता. या सगळ्यांच्या सांगण्यावरून आक्काताईंनी आयुष्यभर भावी पुढारी बडवण्यापलीकडे काही केलेलं दिसत नव्हतं. वसतिगृहाचं नाव एकदा निघालं, तेही 'आणि इतर उपक्रम' असं.

क्रांतीनं सचिव मानसिंगरावांकडे चिठ्ठी पाठवली. त्यांनी मंचावरून वाकून सांगितलं, "वेळ न्हाई ताई. तुमी तर घरच्याच. घरच्यांनी कशाला बोलायचं?"

तिनं पहिल्या रांगेतल्या अण्णांकडे पाहिलं. ते फोटोकडे बघत होते.

अण्णांना बोलायला बोलावलंच नाही. जयराजदादा माईकजवळ आले. "आता सगळ्यांनी उभं राहायचंय."

खुर्च्या सरकल्या. सभागृह उभं राहिलं, क्रांतीही. दादा कागदावरून वाचू लागले. संस्थेला अतीव दुःख झालं आहे. कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आणि मग त्याच स्वरात, त्याच दमात, "त्यांची स्मृती चिरंतन राहावी म्हणून वसतिगृहाच्या जागेवर स्मृतिभवन उभारावे, व पर्यायी व्यवस्था होईपर्यंत वसतिगृह बंद ठेवावे, असा ठराव ही सभा उभं राहून एकमतानं मंजूर करत आहे. दोन मिनिटं शांतता."

दुखवट्याचा ठराव आपल्याकडे असाच होतो. त्याला सूचक लागत नाही, हात वर करावे लागत नाहीत, 'कुणाची हरकत?' असं कुणी विचारत नाही. मेलेल्या माणसाच्या दुःखाला कोण हरकत घेणार? उभं राहिलं की मंजूर. दादांनी त्या ठरावात फक्त एक वाक्य वाढवलं होतं.

अण्णा हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

ओरडावं, असं क्रांतीच्या मनात आलं. पण समोर आक्काताईंचा फोटो होता आणि सगळीकडे शांतता. तिच्यानं तोंड उघडवेना. मग जे जमलं ते तिनं केलं. ती खाली बसली.

प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. माना वळल्या. शेजारच्या बाईनं दंडाला चिमटा काढला. "अगं ऊठ की! जिनं वाढवलं तिच्यासाठी दोन मिनिटं उभं ऱ्हाता येईना व्हय?"

क्रांती बसून राहिली. मागून मुली बघत असणार, हे वळून न बघताही तिला कळत होतं.

सभा संपल्यावर गर्दीतून वाट काढत ती मंचाकडे गेली. "मानसिंगराव, माझा विरोध नोंदवून घ्या. मी सभासद आहे."

"शोकसभेत विरोध?" मानसिंगराव हसले. "कशाला? आक्का वारल्या त्याला?"

जयराजदादा मधे आले. आवाज अगदी मऊ. "ताई, तुमाला चक्कर आली. दुःखच तेवढं हाय. मी सगळ्यांना सांगितलंय, बीपी लो झालं म्हणून. लोक काहीबाही बोलाय लागलेली. तुमची अब्रू राखली."

"मला चक्कर आली नव्हती."

"आली हुती. समद्यांनी बघितलीय." ते पुढच्या माणसाला नमस्कार करायला वळले.

अण्णा दारात चपला शोधत होते. तिला बघून थांबले. "क्रांते, पुतळा बसतोय गं तिचा. सख्ख्या भावानंच नको म्हणायचं? लोक काय म्हणतील?" तिनं वाकून त्यांची चप्पल तेवढी पुढं सरकवली.

परतीच्या गाडीत मुलींनी तिला खिडकीची जागा करून दिली होती. माणची शिवांजली दहावीला होती. तिनं लिंबूसरबताची बाटली पुढं केली. "घ्या मॅडम. साखर जास्त टाकलीया. चक्कर आली हुती म्हणं तुमाला."

सगळ्या काळजीनं बघत होत्या. क्रांतीनं बाटली हातात घेतली आणि मांडीवर ठेवली.

"चक्कर आली नव्हती," ती म्हणाली. "मी मुद्दाम बसले." आणि ठरावात काय होतं ते तिनं मुलींना सांगितलं. मागच्या रांगेत, खराब स्पीकरखाली, त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

गाडी पेठ नाक्याला सिग्नलला थांबली.

"मग मोठ्यांदा का बोलला न्हाईसा?" शिवांजलीनं विचारलं.

क्रांती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. शिवांजलीच पुढं म्हणाली, "आमच्या बाला कवा सांगायचं? परीक्षेच्या आधी का नंतर? आधी सांगितलं तर पेपरला बी यिऊ द्यायचा न्हाई."

"नंतर सांग."

शिवांजलीनं मान हलवली. "म्हंजे बंद व्हनारच," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवरच्या मुलींना, घरी एवढ्यात काही बोलू नका म्हणून सांगायला उठली.